गुरूचे पट्टे, मॅक आणि वाइनची बाटली

नाशिकमध्ये राहून 'मी परवा वाइन बसवली' असं बोलू नये. आमच्या पतसंस्थेत जेवणाच्या सुट्टीत माझ्या तोंडून हे निघून गेलं आणि सगळ्यांचे घास हातातच राहिले. वर मी 'बाटली नीट बंद करून ठेवली आहे' असंही म्हणाले. तेव्हा आधीच सांगते, या वाइनचा द्राक्षांशी काही संबंध नाही. विंडोजसाठी लिहिलेले प्रोग्राम मॅकवर चालवणारं ते एक सॉफ्टवेअर आहे, आणि माझा छंद सध्या त्याच्यावर चालू आहे.

छंद ग्रहांचे फोटो काढण्याचा. वांगणीला खगोल मंडळाच्या एका रात्री पहिल्यांदा शनीची कडी पाहिली तेव्हापासूनचा. (गुरू-शनी म्हटलं की लोक मला पत्रिका दाखवतात. मी पत्रिका बघत नाही. दुर्बिणीतून बघायचं असेल तर गच्चीवर या.) गच्चीवर आठ इंची न्यूटनियन दुर्बीण आहे, एफ ६ ची. तिच्यात तिप्पट बार्लो, म्हणजे प्रतिमा मोठी करणारं भिंग, आणि एएसआय २२४ हा छोटासा रंगीत कॅमेरा. नऊ वर्षं हे सगळं एका विंडोज लॅपटॉपवर चाललं. गेल्या दिवाळीत त्या लॅपटॉपने मान टाकली. दुरुस्तीवाल्याने मदरबोर्डचा आकडा सांगितला तेव्हा मी लॅपटॉप पिशवीत घालून घरी आणला आणि माळ्यावर ठेवला. लेकीने तिचा जुना मॅकबुक एअर दिला, एम१ चिपचा, ८ जीबी मेमरी आणि २५६ जीबी जागा. दिसायला देखणा. पण ग्रहाच्या व्हिडिओपासून फोटो तयार करायची माझी हत्यारं, म्हणजे ऑटोस्टॅकर्ट, रेजिस्टॅक्स आणि पिप हे प्रोग्राम, तिन्ही फक्त विंडोजची.

१० जानेवारी २०२६ ला गुरू प्रतियुतीत, म्हणजे आपल्याकडून सूर्याच्या बरोबर समोर, यायचा होता, मिथुन राशीत. आपल्याकडून मध्यरात्री जवळपास डोक्यावर. अशी संधी सोडून नवा लॅपटॉप घ्यायला पगाराची वाट बघत बसणं मला जमणार नव्हतं. डिसेंबरचे दोन आठवडे मी या खटाटोपात घालवले. त्यानंतर ओळखीतल्या तिघांनी मला हेच विचारलं, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते.

फाइल खातो की वायर धरतो?

कुठलाही प्रोग्राम मॅकवर आणण्याआधी त्याला हा एक प्रश्न विचारा. माझे दोन आठवडे गेले ते हा प्रश्न उशिरा सुचल्यामुळे.

काही प्रोग्राम फाइल खातात. आत व्हिडिओ घाला, बाहेर चित्र येतं. त्यांना बाहेरच्या कुठल्या यंत्राशी बोलायचं नसतं. ऑटोस्टॅकर्ट, रेजिस्टॅक्स, पिप या जातीचे. हे वाइनमध्ये सुखाने नांदतात.

दुसरे प्रोग्राम वायर धरतात. शार्पकॅप कॅमेऱ्याशी बोलतो, आणि दुर्बिणीचं माउंट फिरवणारा अ‍ॅस्कॉमचा सगळा पसारा माउंटशी बोलतो. त्यांना यूएसबीच्या पलीकडच्या वस्तूसाठी ड्रायव्हर लागतो, आणि विंडोजचा ड्रायव्हर वाइनमध्ये बसत नाही. का ते सांगते. वाइन म्हणजे दुभाष्या. प्रोग्राम विंडोजच्या भाषेत म्हणतो 'एक खिडकी उघड', 'ही फाइल वाच', आणि वाइन ते मॅकच्या भाषेत सांगतो. १९९३ पासून लोक त्याच्यात एकेक शब्द भरत आलेत, त्यामुळे रोजचं बोलणं त्याला चांगलं येतं. पण ड्रायव्हर बोलत नाही, तो थेट विंडोजच्या गाभाऱ्यात जाऊन बसतो. इथे तो गाभाराच नाही. दुभाष्या काय करणार?

छंद कुठलाही असो, हा प्रश्न लागू पडतो. माझ्या जावेकडे भरतकामाचं जुनं सॉफ्टवेअर आहे, ते यूएसबीचा डोंगल लावल्याशिवाय उघडतच नाही. म्हणजे दिसायला फाइल खाणारं, पण खरं तर वायर धरणारं. तिला मी सरळ सांगितलं, तुझा विंडोज लॅपटॉप विकू नकोस.

तीन वाटा, त्यातल्या दोन पटकन

पहिली वाट बूट कॅम्पची, म्हणजे मॅकवरच वेगळ्या कप्प्यात विंडोज टाकायचं. २००६ पासून इंटेलच्या मॅकवर ही सोय होती. २०२० च्या नोव्हेंबरात एम१ आला आणि ती वाट बंद झाली. तुमचा मॅक इंटेलचा असेल तर ती अजून उघडी आहे आणि तिथे ड्रायव्हरसुद्धा चालतात. पुढचं सगळं वाचायची तुम्हाला गरज नाही.

दुसरी वाट व्हर्च्युअल मशीनची. मॅकच्या पोटात एक आख्खं विंडोज ठेवायचं. पोटभाडेकरूच म्हणा ना. त्याला स्वतःची मेमरी द्या, जागा द्या, त्याचे अपडेट सांभाळा. पॅरलल्स यासाठी पैसे घेतं, व्हीएमवेअर फ्यूजन नोव्हेंबर २०२४ पासून सगळ्यांना फुकट आहे, यूटीएमही फुकट मिळतं. माझा भाचा आयटीत आहे. तो फोनवर म्हणाला, "मावशी, तू पॅरलल्स घे आणि मोकळी हो." मी फ्यूजन घालून पाहिलं. विंडोज ११ ला किमान ६४ जीबी जागा लागते आणि माझ्या मॅकमध्ये सगळी मिळून २५६. चार जीबी मेमरी त्याला दिली तर मॅकला उरली चार. दोघंही धापा टाकायला लागले. सगळ्यात मोठी गोम तर पुढेच आहे. एम१ वर चालतं ते एआरएम चिपचं विंडोज. ते साधे जुने प्रोग्राम भाषांतर करून चालवतं, पण ड्रायव्हर मात्र एआरएमसाठीच लिहिलेला लागतो. मी कॅमेरा जोडला, यादीत नाव आलं, शेजारी पिवळा त्रिकोण. एवढा मोठा पोटभाडेकरू आणून वायरचा प्रश्न सुटला नाही तो नाहीच. १६ जीबीचा मॅक असेल आणि प्रोग्राम वाइनमध्ये अजिबात उठत नसेल, तर या वाटेने जा. एरवी कशाला?

उरली तिसरी, वाइन.

बाटली भरायची कशी

वाइन फुकट आहे, पण मॅकवर टर्मिनलमध्ये काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करून बसवावी लागते. ते करणाऱ्याला हा लेख लागणार नाही. विस्की नावाचं एक फुकट आणि सोपं ॲप होतं (हो, नावं ठेवणाऱ्यांनी मला लाज आणायचीच ठरवलेली दिसते), पण त्याचं काम २०२५ मध्ये थांबलं. कुणी अजून ते सुचवलं तर त्या वाटेला जाऊ नका. मी क्रॉसओव्हर घेतलं. ती वाइनच आहे, वरून बटणं लावलेली. पैसे पडतात, पण १४ दिवस फुकट चालवून बघता येतं. विकत घेतल्यावर वर्षभर नव्या आवृत्त्या मिळतात आणि वर्ष संपलं तरी हातातली आवृत्ती चालू राहते. १४ दिवसांत तुमचा प्रोग्राम चालतो की नाही ते नक्की कळतं, म्हणून फुकट मुदत सुरू करण्याआधी दोनचार व्हिडिओ हाताशी ठेवा. मी उलटं केलं. आधी क्रॉसओव्हर सुरू केलं आणि मग आठवडाभर ढग.

क्रॉसओव्हर पहिल्यांदा उघडल्यावर मॅक रोझेटा बसवायची परवानगी मागेल. द्या. इंटेलसाठी लिहिलेलं एम चिपवर चालवणारा हा ॲपलचा भाग, त्याच्याशिवाय काही हलत नाही.

आता नवी बाटली करा. बाटली म्हणजे एक छोटं खोटं विंडोज, त्याचा स्वतःचा सी ड्राइव्ह असतो. प्रकार विंडोज १०, ६४-बिट निवडा. माझा सल्ला, सगळे प्रोग्राम एका बाटलीत कोंबू नका. माझ्या दोन आहेत. एक ऑटोस्टॅकर्टची, एक रेजिस्टॅक्स आणि पिपची. एक नासली तर दुसरी शाबूत राहते. मिरच्यांचं आणि लिंबाचं लोणचं आपण एका बरणीत घालत नाही, तसंच.

ऑटोस्टॅकर्ट झिप फाइलमध्ये येतं, इन्स्टॉल करावं लागत नाही. इथे बरेच जण अडकतात, कारण क्रॉसओव्हरच्या दर्शनी भागात 'इन्स्टॉल' हेच मोठं बटण आहे आणि ते इन्स्टॉलर मागत बसतं. त्याच्या नादी लागू नका. झिप उघडा. बाटली निवडून तिचा सी ड्राइव्ह उघडा, फाइंडरची खिडकी येईल. तिथे ऑटोस्टॅकर्टचं आख्खं फोल्डर टाका. मग बाटलीच्या 'रन कमांड' मध्ये जाऊन त्या फोल्डरमधली एक्झी फाइल दाखवा, आणि चालवण्याआधी 'लाँचर म्हणून जतन करा' अशा अर्थाचं बटण आहे ते दाबा. त्यानंतर बाटलीत चिन्ह दिसू लागतं आणि डबल-क्लिकवर प्रोग्राम उघडतो.

रेजिस्टॅक्स आणि पिप यांना रीतसर इन्स्टॉलर आहे. तिथे 'यादीत नसलेलं ॲप इन्स्टॉल करा' हा पर्याय घ्या, इन्स्टॉलर दाखवा आणि नेक्स्ट-नेक्स्ट करत जा. रेजिस्टॅक्स ३२-बिटचा आहे. मॅकने २०१९ च्या कॅटालिनापासून ३२-बिटला दार बंद केलं, म्हणून मी धास्तावले होते. क्रॉसओव्हर ते आतल्या आत निभावतं, आपल्याला वेगळं काही करावं लागत नाही.

एक बारीक गोष्ट. बाटलीच्या सेटिंगमध्ये हाय रिझोल्यूशन मोड आहे. 'हाय' म्हटलं की आपला हात शिवशिवतो. बंदच ठेवा. तो चालू केल्यावर माझ्याकडे जुन्या प्रोग्रामांची बटणं एकमेकांच्या मांडीवर बसली. बंद असला की अक्षरं थोडी मऊ दिसतात, पण गुरूचं चित्रही मोठं दिसतं, आणि आपल्याला बघायचं तेच आहे. माझ्या जोडणीत गुरू जेमतेम दोनशे पिक्सेलचा भरतो. तो पडद्यावर वाटाण्याएवढा दिसला तर पट्ट्यांवर काम करायचं कसं?

फाइल सापडत नाही, मग सापडते, मग लिहिता येत नाही

सगळ्यात जास्त वेळ इथे गेला, म्हणून इथे जरा बसते.

प्रोग्राममध्ये 'ओपन' दाबलं की मॅकचं ओळखीचं डेस्कटॉप दिसत नाही, विंडोजसारखी ड्राइव्हची यादी येते. सी म्हणजे बाटलीच्या आतलं. वाय म्हणजे तुमचं मॅकवरचं घर, ज्यात डाउनलोड्स, डॉक्युमेंट्स वगैरे असतात. झेड म्हणजे आख्खा मॅक, अगदी मुळापासून. बाहेरची डिस्क हवी असेल तर झेडमध्ये जा, त्यात व्हॉल्यूम्स नावाचं फोल्डर उघडा, तिथे डिस्कच्या नावाने ती सापडते. हे मला चौथ्या दिवशी कळलं. तोवर मी प्रत्येक व्हिडिओ सी ड्राइव्हमध्ये कॉपी करत होते. आणि व्हिडिओ म्हणजे काय? ६४० बाय ४८० चा, ८-बिट, सेकंदाला १०० फ्रेम, ९० सेकंद. ९,००० फ्रेम झाल्या आणि जवळजवळ पावणेतीन जीबी. एका रात्रीत असे पंधरावीस.

पहिल्यांदा बाहेरच्या डिस्कला हात लावला की मॅक विचारतो, क्रॉसओव्हरला ही डिस्क वाचू द्यायची का? घाईत 'नको' दाबलंत तर नंतर तो विचारत नाही, आणि फोल्डर रिकामं दिसत राहतं. सिस्टिम सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, त्यात फाइल्स अँड फोल्डर्स. तिथे क्रॉसओव्हरसमोरचं बटण चालू करा.

आता माझा गाढवपणा. जुन्या लॅपटॉपवरची डिस्क होती ती एनटीएफएसची, म्हणजे विंडोजच्या पद्धतीने आखलेली. मॅकने ती वाचली, व्हिडिओ उघडले, मी खूश. ऑटोस्टॅकर्टला तीन व्हिडिओ लावून दिले आणि खाली पोळ्या करायला गेले. येऊन पाहते तर पडद्यावर इंग्रजीत काहीतरी चौकट. मी ती न वाचता ओके केली. (पतसंस्थेत रोज लोकांना 'वाचून सही करा' म्हणणारी मी.) चित्र कुठे गेलं म्हणून शोध शोध शोधलं. ऑटोस्टॅकर्ट तयार चित्र ठेवतं ते मूळ व्हिडिओच्या शेजारीच, नवं फोल्डर करून. आणि मॅक एनटीएफएस डिस्क वाचतो, तिच्यावर लिहीत नाही. म्हणजे काम सगळं झालं आणि ठेवायला जागा नाही म्हणून वाऱ्यावर गेलं.

उपाय असा. डिस्कवरचं सगळं दुसरीकडे काढून ठेवा आणि मॅकच्या डिस्क युटिलिटीतून ती एक्सफॅट करून घ्या. मॅक आणि विंडोज दोघंही तिच्यावर लिहितात. डिस्क पुसली जाते हे ध्यानात असू द्या, आणि काढताना 'इजेक्ट' केल्याशिवाय वायर ओढू नका.

फोल्डरची नावं इंग्रजीत ठेवा. मला 'गुरू-जानेवारी' असं लिहायची फार हौस, पण जुन्या प्रोग्रामांना देवनागरी वाचता येत नाही, त्यांच्या तोंडून नुसती प्रश्नचिन्हं बाहेर पडतात.

चित्रण मॅकवरच, सरळ

वायरचा प्रश्न मी सोडवलाच नाही, टाळला. कॅमेऱ्यासाठी मॅकवर सरळ चालणारे प्रोग्राम आहेत. फायरकॅप्चरची मॅक आवृत्ती आहे, आणि एएसआय कॅमेरा असेल तर एएसआयस्टुडिओही मॅकवर चालतं. मी फायरकॅप्चर वापरते. पहिल्यांदा मॅक ते उघडू देत नाही, 'खात्री करता येत नाही' म्हणतो. पूर्वी कंट्रोल दाबून क्लिक केलं की चालायचं. मॅकओएसच्या सेकोया आवृत्तीपासून ती पळवाट बंद झाली. आता एकदा उघडायचा प्रयत्न करून मग प्रायव्हसी अँड सिक्युरिटीमध्ये खाली जायचं, तिथे 'ओपन एनीवे' येतं. असली परवानगी प्रोग्राम त्याच्या मूळ ठिकाणाहून उतरवला असेल तरच द्यावी.

व्हिडिओ एसईआर प्रकारात घ्या, रंग न उलगडता, कच्चाच. एकेक व्हिडिओ दीड मिनिटापेक्षा फार लांबवू नका. गुरू दहा तासांच्या आत स्वतःभोवती फिरतो, तुम्ही रेंगाळलात तर त्याचे पट्टे फराटतात. आणि सिमेंटच्या गच्चीवर सूर्य मावळताच सुरू करू नका. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री दहापर्यंत वाफा सोडतो आणि गुरू उकळत्या पाण्यात पडल्यासारखा दिसतो. निफाडकडे पारा उतरल्याच्या बातम्या यायला लागल्या की मी शाल घेऊन अकरानंतर वर जाते.

चळत लावणं

स्टॅकिंगला मी चळत म्हणते. हजारो फ्रेममधल्या चांगल्या निवडायच्या, एकावर एक तंतोतंत ठेवायच्या आणि सरासरी काढायची. थरथर आणि दाणे एकमेकांना मारतात, खरा तपशील उरतो.

ऑटोस्टॅकर्ट एमिल क्राइकाम्प यांचं, रेजिस्टॅक्स कोर बेरेवूट्स यांचं. दोघंही डच. दुर्बिणीच्या पेटंटचा पहिला अर्जही १६०८ मध्ये हॉलंडमध्येच झाला होता. त्या मातीत काहीतरी आहे.

ऑटोस्टॅकर्ट दोन खिडक्यांत उघडतं, एकीत बटणं, दुसरीत चित्र. मॅकवर चित्राची खिडकी कधीकधी मागे दडते. प्रोग्राम अडकला असं समजून बंद करू नका, आधी पुढची खिडकी बाजूला सारून बघा. बटणांवर १, २, ३ असे आकडेच आहेत. १ ने व्हिडिओ उघडा. चित्रात रंगांऐवजी जाळी दिसली किंवा गुरू हिरवा-निळा आला तर रंगाच्या मेनूत जाऊन बेयर पद्धत, म्हणजे कॅमेऱ्याच्या पिक्सेलांवरच्या रंगांची मांडणी, हाताने सांगा. एएसआय २२४ साठी आरजीजीबी. स्थिरीकरणात 'प्लॅनेट' निवडा, 'सर्फेस' चंद्रासाठी आहे. नॉइज रोबस्ट मी ४ वर ठेवते, हवा वाईट असली तर ६.

२ दाबा. प्रोग्राम प्रत्येक फ्रेमला गुण देतो आणि आलेख काढतो. करडी रेघ म्हणजे फ्रेम घेतल्या त्या क्रमाने, हिरवी म्हणजे हुशार ते ढ अशी लावलेली रांग. हिरवी रेघ लवकर कोसळली तर त्या रात्री हवा खराब होती, मग वीस टक्क्यांपेक्षा जास्त फ्रेम घ्यायचा मोह आवरा. हळूहळू उतरली तर निम्म्या फ्रेमही चालतील. एकाच फेऱ्यात वेगवेगळ्या टक्क्यांच्या चळती लावता येतात. मी २०, ३५, ५० लिहून ठेवते आणि नंतर डोळ्यांनी निवडते. ११ जानेवारीच्या पहाटेच्या चांगल्या व्हिडिओत ३५ टक्के, म्हणजे ३,१५० फ्रेमची चळत जिंकली.

चित्रावर जुळवणीचे चौकोन टाका. दोनशे पिक्सेलच्या गुरूला ४८ चा आकार मला बरा पडतो. प्रोग्रामच ते जाळ्यासारखे पसरवतो. मग ३, आणि चहा.

एअरला पंखा नाही. लागोपाठ दहा व्हिडिओ लावले की तो तापतो आणि मंदावतो. मी तो पालथ्या स्टीलच्या ताटावर ठेवते. हसायचं असेल तर हसा, उष्णता खेचली जाते.

तयार चित्र १६-बिट टिफ असतं आणि पहिल्यांदा बघणारा हमखास निराश होतो, कारण ते मऊ, धुरकट दिसतं. तसंच दिसायला हवं. आता ते रेजिस्टॅक्समध्ये न्या. रेजिस्टॅक्समध्येही चळत लावायची सोय आहे, पण तिकडे जाऊ नका, फक्त वेव्हलेटसाठी, म्हणजे मऊ चित्रातला तपशील धारदार करण्यासाठी, वापरा. सहा पट्ट्या आहेत. पहिली सगळ्यात बारीक तपशिलाची, पुढच्या चढत्या आकाराच्या. मी दुसरीपासून सुरुवात करते, मग तिसरी, आणि शेवटी पहिलीला जरासा धक्का, सोबत तिचं डीनॉइज थोडं वर. हे काम पाकाचं आहे. एकतारी झाला की उतरवायचा. पुढे गेला की गुरूच्या कडेला पांढरी रेघ उमटते, जणू कुणी पेनाने गिरवला. ती दिसली की मागे या. मग आरजीबी अलाइन, आणि जतन करण्याआधी 'डू ऑल' विसरू नका, नाहीतर मधल्याच तुकड्यावर परिणाम होतो आणि कडा तशाच मऊ राहतात.

पिप मला कमी लागतो. पण मोबाइलने किंवा डीएसएलआरने नेत्रिकेवरून व्हिडिओ घेतला असेल, तर तो कापून, गुरू मध्यावर आणून, एसईआर करून द्यायला त्याच्यासारखा नाही.

मॅकवर सरळ चालणारं काहीच नाही का, असं तिघांपैकी एकाने विचारलं. आहे ना. सिरिल आहे, फुकट आहे, तेजोमेघांसाठी मी तेच वापरते आणि त्यात वेव्हलेटही आहेत. लिंकिऑस आहे. पण ग्रहाच्या वेगवेगळ्या भागांची वेगवेगळी जुळवणी ऑटोस्टॅकर्ट जशी करतं, तशी मला दुसरीकडे पटली नाही. तुम्ही नव्याने सुरू करत असाल तर आधी लिंकिऑस बघा. समाधान झालं तर बाटलीपर्यंत यायलाच नको.

बाटली जपून ठेवणं

ॲपलने जून २०२५ मध्ये सांगून टाकलंय की रोझेटा पूर्णपणे मॅकओएस २७ पर्यंतच राहील, पुढे काही जुन्या गेमपुरती. आजची माझी सगळी चळत रोझेटावर उभी आहे. पुढची प्रतियुती फेब्रुवारी २०२७ मध्ये, तोवर तरी चिंता नाही. तरी पुढचा विचार करून मी दोन गोष्टी केल्या. एक, मॅकचे मोठे अपडेट आपोआप बसण्याचं बटण बंद केलं. दोन, दोन्ही बाटल्या क्रॉसओव्हरमधून आर्काइव्ह करून बाहेरच्या डिस्कवर ठेवल्या. बाटलीवर उजवं क्लिक केलं की तो पर्याय येतो. एकाच फाइलमध्ये आख्खी बाटली जाते, प्रोग्राम आणि सेटिंगसकट, आणि दुसऱ्या मॅकवर तशीच उघडता येते. परवा भाच्याने त्याच्या मॅकवर ती उघडून बघितली. पहिला प्रश्न विचारला, "मावशी, लाँचरला हे 'पोळ्या करून ये' काय नाव दिलंयस?"